सिस्टर, आधी शुगर बघा

पत्र : "ताई, माझं वय 42. मिरजेला नर्सिंग केलं, लग्नानंतर टेक्सासला आले, परीक्षा देऊन इथली आर. एन., म्हणजे नोंदणीकृत नर्स झाले. सहा वर्षं एका नर्सिंग होममध्ये नाईट करतेय, चाळीस म्हाताऱ्यांमागे मी एकटी. आता काउंटी जेलच्या दवाखान्यात दिवसपाळीची नोकरी मिळतेय. पगार बरा आहे, उचलाउचल कमी. पण घरात रोज त्यावरून वाद. नवरा म्हणतो, गुन्हेगारांना गोळ्या वाटायला एवढं शिकलीस का? सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. त्या म्हणतात, मंडळात सांगू नकोस, 'हॉस्पिटलात आहे' म्हण. मुलगी बारा वर्षांची, तिलाही हेच सांगायचं का? आणि खरं सांगते, भीती मलाही वाटते. मार बसेल याची नाही तेवढी. तिथे राहून मी कशी होईन, याची. तुम्ही जेलमध्ये काम केलंय म्हणून तुम्हाला विचारते. — मिरजकर"

प्रिय सिस्टर,

नोकरी घ्या. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई घाबरवतेय. टेक्सासमधल्याच एका काउंटी जेलमध्ये मी अकरा वर्षं काढली, त्यातली सात रात्रपाळीची. मला परत बेचाळीस वर्षांची केलं तर परत जाईन. गुडघे मात्र नवे द्यावे लागतील.

आधी तुमच्या यजमानांचं बघू. आपल्याकडे कच्चा कैदी आणि पक्का कैदी असा फरक करतात, तो त्यांना ठाऊक असणार. मोठी शिक्षा झालेले इथे राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात जातात, त्याला प्रिझन म्हणतात. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, आणि काउंटी जेल म्हणजे बहुतेक ठिकाणी शेरीफच्या, तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यातली जागा. काल रात्री पकडलेला माणूस तिथे येतो, कोर्टाच्या तारखेची वाट बघणारा तिथे पडून असतो, वर्षाच्या आतली शिक्षा झालेला ती भोगून जातो. 2022 च्या मध्याला अमेरिकेतल्या अशा जेलांमध्ये मिळून साडेसहा लाखांवर माणसं होती, आणि दहातली सात अजून दोषी ठरलेली नव्हती. कितीतरी जण जामिनाचे पैसे नाहीत म्हणून बसलेले. त्याच सुमाराच्या वर्षभरात आत येण्याच्या नोंदी होत्या 73 लाखांच्या घरात. तेव्हा तुरुंग म्हटल्यावर यजमानांच्या डोळ्यापुढे जे येतं ते पुसा आणि मिरज जंक्शन आणा. सारखी माणसं येतायत, जातायत, फक्त आपली गाडी कधी सुटणार ते कुणालाच माहीत नाही.

म्हणून हे काम कॅज्युअल्टीचं आहे, वॉर्डचं नाही. तुमच्या नर्सिंग होममध्ये प्रत्येकाची फाईल वीतभर जाड, कुणाला कोणती गोळी कशात कालवून द्यायची तेही तुम्हाला पाठ. इथे माणूस येतो तो फाईलशिवाय. किती पितो, काय टोचून घेतो, फिट येते का, शुगर आहे का, हे त्यानेच सांगायचं. तो शुद्धीत असेलच असं नाही, आणि असला तरी खरं सांगेलच असंही नाही.

मार बसण्याचं म्हणाल तर अकरा वर्षांत मला एकदाच थोबाडीत बसली, तीही घर विसरलेल्या एका म्हाताऱ्याची. नर्सिंग होममध्ये तुम्ही याहून जास्त खाल्ल्या असतील. आत तुम्ही एकट्या फिरत नाही, बरोबर ऑफिसर असतो. टेक्सासचा नियम 48 कैद्यांमागे एक जेलर असा आहे, त्यामुळे तो ऑफिसर घाईत आणि वैतागलेला असतो, पण असतो. त्याच्याशी जमवून घ्या. कोण दोन दिवस जेवला नाही, कोण भिंतीशी बोलतोय, हे त्याला तुमच्याआधी कळतं.

मंगळसूत्राचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई विचारतील. गळ्यात काही घालायचं नाही. ओळखपत्राची दोरीसुद्धा ओढली की तुटून हातात येईल अशीच देतात. मी पहिल्या दिवशी स्क्रबच्या, म्हणजे नर्सच्या गणवेशाच्या, आत लपवून नेलं होतं. ट्रेनिंग देणारी बाई काही बोलली नाही. मागे आली, साखळीत एक बोट घातलं आणि हलकंच पिरगाळलं. "आता मला तुझं नाव सांग," म्हणाली. नाव फुटेना. दुसऱ्या दिवसापासून मंगळसूत्र घरी, देवापुढच्या डबीत.

दिवसपाळी म्हणजे सकाळची मेड पास तुमच्या वाट्याला येणार. गोळ्यांची गाडी ढकलत पॉडच्या दाराशी उभं राहायचं. पॉड म्हणजे आपल्याकडची बराक, फक्त मधे मोकळी जागा आणि कडेने दोन मजली खोल्या. एकेक जण येतो. मनगटावरचा पट्टा बघा, फोटो बघा, कागदी कपात गोळ्या, दुसऱ्या कपात पाणी, मग तोंड उघड, जीभ वर, गाल ओढून दाखव. गालात दडलेली गोळी संध्याकाळी विकली जाते. नूडल्सची पाकिटं हे तिथलं चलन. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं तोंड बघताना लाज वाटेल. वाटू दे, पण बघा.

आत सगळे नर्सला 'मिस' म्हणतात. "मिस, तुम्ही इंडियाच्या ना? माझे हार्टचे डॉक्टर इंडियन होते, देवमाणूस." हसा आणि पुढचं नाव घ्या. पुढच्या आठवड्यात तोच म्हणेल, "मिस, माझ्या आईला एवढा एक फोन कराल? सांगा, मी बरा आहे." आई खरीच असेल, आजारीही असेल. तरी तो फोन तुम्ही करायचा नाही. त्याला तुमचं काही मिळालं की तुम्ही त्याच्या हातात. माझ्याबरोबरच्या एका हुशार मुलीला मी त्याच दारातून बेड्या घालून नेताना पाहिलंय, आणि सुरुवात झाली होती च्युइंगगमच्या एका पाकिटापासून. मन गुंतलं तर 'दोघांची मर्जी होती' हे कायदा ऐकूनही घेत नाही.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते. मी कशी होईन? खरा प्रश्न तोच आहे, आणि तुम्ही नोकरी धरण्याआधी विचारलात. मी तिसऱ्या वर्षी विचारला.

आतल्या हवेत एक शब्द असतो, तो आपल्या भाषेत 'नाटक'. ऑफिसर म्हणतो नाटक, जुनी नर्स म्हणते नाटक, आणि पंचाईत अशी की बऱ्याचदा ते खरंच नाटक असतं. खालची बंक मिळावी म्हणून पाठ दुखते, जादा गादी हवी म्हणून कंबर. दहा जणांनी बनवलं की अकरावा कसाही कण्हला तरी कान बंद होतात. वाईट माणूस होण्याची गरजच नसते त्याला, दमलेलं असणं पुरतं.

तर माझं तिसरं वर्ष. बाविशीचा एक पोरगा, गाडीच्या जुन्या दंडाचं वॉरंट. हातावर टोचल्याच्या खुणा, म्हणून आल्याआल्या हेरॉइन सुटताना होणाऱ्या त्रासाच्या तक्त्यावर लावलेला. उलट्या, पोटात कळा, अंग मोडून आलेलं, सगळं तक्त्यात चपखल बसत होतं. दोन दिवसांत त्याच्या तीन चिठ्ठ्या आल्या. दवाखान्याला लिहिलेल्या चिठ्ठीला आत काईट म्हणतात, पतंग. तिसऱ्या पतंगावर नुसतं 'पाणी हवंय' एवढंच. मी सकाळी हँडओव्हर देताना म्हटलं, "खोलीत नळ आहे आणि हा पाणी मागतोय. लक्ष वेधून घ्यायचंय त्याला." पुढची सिस्टर हसली. मीही हसले.

त्या रात्री तीनला राउंडला गेले तर तो सिंकवर वाकून, नळाला तोंड लावून पीत होता. थांबेचना. श्वास खोल आणि भराभर, धावून आल्यासारखा. दारातली गोळ्यांची खिडकी उघडली आणि वास आला. सीताफळ फार पिकून डब्यात फुटावं, तसला. हा वास मला विसाव्या वर्षी मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी कान धरून शिकवला होता. बोट टोचलं. मशीनवर आकडा येईना, नुसतं 'हाय' आलं. मोजता येण्याच्या पलीकडे शुगर गेली की मशीन तेवढंच म्हणतं, आणि मराठी माणसाला ते दोनदा लागतं.

पोरगा वाचला, आयसीयूत चार दिवस काढून. आपल्याला शुगर आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. बोट टोचायला एक मिनिट पुरतं, आणि माझे दोन दिवस गेले होते.

तेव्हापासून खरं की खोटं हे ठरवणं मी सोडलं. ते जज्जाचं काम, त्याला त्याचा पगार मिळतो. आपण मोजायचं. नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन, शुगर. बोटं घशात घालून उलटी काढता येते, पण नाडी 130 वर नेऊन तिथे धरून ठेवता येत नाही. उलट्या करणारा कुणीही असो, कितीही नाटकी असो, सिस्टर, आधी शुगर बघा, मग बाकीचं बोला.

याच्या जोडीला माझी एक खोड होती, ती तुम्हालाही लावून घ्या असं म्हणेन. कोण कशासाठी आत आलाय ते बघायचं नाही. कॉम्प्युटरवर दिसतं, सगळे बघतात, जेवणाच्या सुट्टीत त्यावर गप्पा होतात. पण एकदा वाचलंत की पुढच्या वेळी सुई टोचताना हात वेगळा पडतो. माझा पडला होता, म्हणून सांगते.

दारूचं अजून जपा. हेरॉइन सुटताना माणूस तळमळतो आणि उलट्या-जुलाबांनी कोरडा पडू दिला तर जातोही. पण रोजची दारू एकदम तुटली तर नीट दिसणारा माणूस फिट येऊन जाऊ शकतो. थरथर आणि फिट पहिल्या दिवसातही येऊ शकते, पण खरा घात उशिरा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळ्यांना वाटतं आता उतरली, तेव्हा माणूस बरळायला लागतो, भिंतीवर मुंग्या दिसतात. शुक्रवारी रात्री आलेला माणूस रविवारी बिघडतो, आणि रविवारी डॉक्टर फोनवर असतो. "शेवटचा घोट कधी घेतलास?" हे विचाराच, आणि उत्तराला घड्याळ लावून ठेवा.

दुसरी गोष्ट लिहायला जड आहे. काउंटी जेलांमधल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं एक कारण वर्षानुवर्षं आत्महत्या हेच राहिलंय, आणि पहिले दिवस त्यातले फार नाजूक. तुमच्या राज्यात सँड्रा ब्लँडचं नाव अजून निघतं. 2015 च्या जुलैत वॉलर काउंटीत, लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून तिला थांबवलं, वाद झाला, अटक झाली, आणि तीन दिवसांनी 28 वर्षांची ती बाई कोठडीत मृत सापडली. भरतीच्या वेळच्या कागदांवर आधीच्या प्रयत्नाचा उल्लेख होता. 2017 मध्ये तिच्या नावाने टेक्सासने कायदा केला. मानसोपचार करणारा माणूस निदान व्हिडिओवर तरी चोवीस तास मिळाला पाहिजे, धोका असलेल्यांच्या कोठड्यांवरच्या फेऱ्या खरंच होतात की नाही ते यंत्राने टिपलं पाहिजे, असं त्यात आलं. पण कागदावरचा प्रश्न शेवटी तुम्ही विचारणार. 'जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतंय का?' हे दहा जणांच्या रांगेत, पेन रोखून विचारलंत तर सगळे 'नो' म्हणतात. थोडं बाजूला घ्या. पेन खाली ठेवा. आधी विचारा, घरी कोण आहे.

यजमानांना आणखी एक गोष्ट सांगा, टेक्सासचीच. 1973 मध्ये हंट्सव्हिलच्या तुरुंगात गंबल नावाच्या कैद्यावर ट्रकमधून उतरवताना सहाशे पौंडांची कापसाची गाठ पडली. पाठ गेली. त्याने तक्रार लिहिली, ती सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली आणि 1976 मध्ये कोर्ट म्हणालं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून डोळेझाक करणं म्हणजे घटनेने मना केलेली क्रूर शिक्षा. गंमत अशी की गंबल स्वतः हरला. तीन महिन्यांत त्याला सतरा वेळा तपासलं होतं, म्हणजे उपचार चुकले असतील पण ही डोळेझाक नव्हे, असं ठरलं. तरी त्याच्या नावावर हक्क उभा राहिला. तुम्हा-आम्हाला या देशात इन्शुरन्स नसेल तर घटना काही विचारत नाही, कोठडीतल्या माणसाला मात्र उपचार द्यावेच लागतात. ते देणारा हात तुमचा. गोळ्या वाटणं म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

सही करण्याआधी एवढं विचारून घ्या. पगार कोण देणार, काउंटी की ठेका घेतलेली कंपनी? ठेक्यात चांगली माणसं नसतात असं नाही, पण पैशाचं गणित समजून जा. माणूस आत गेला की मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, बहुतेक बिलं देत नाही, 1965 पासूनचा नियम आहे, त्यामुळे ॲम्ब्युलन्स बोलावली की कुणाच्या तरी खिशाला चाट बसते. तेव्हा मुलाखतीत सरळ म्हणा, "रविवारी दुपारी मला वाटलं की हा माणूस हॉस्पिटलात गेला पाहिजे, तर मी कुणाला विचारायचं?" "कुणालाही नाही, 911 (इथला इमर्जन्सीचा नंबर) लावा आणि मग आम्हाला कळवा," असं उत्तर आलं तर जागा बरी. "आधी ऑन-कॉल डॉक्टर, मग मॅनेजर, मग बघू," असं आलं तर सावध व्हा, कारण गेलेल्या माणसाचा जाब मॅनेजरला विचारत नाहीत, चार्टवर सही असते तिला विचारतात. दुसरं, 'शिफ्टला किती नर्सेस?' असं विचारू नका, कागदावरचा आकडा सांगतील. 'गेल्या शनिवारी किती होत्या?' असं विचारा. आणि आतून एकदा फिरवून आणायला सांगा. पॉडमध्ये पाऊल टाकल्यावर ऑफिसर माणसांना नावाने हाक मारतोय की कसा, एवढं ऐकलंत तरी निम्मं कळेल.

दगड व्हायला लागलात हे कसं ओळखायचं? मी माझ्या हँडओव्हरवरून ओळखायची. 'सी पॉडमधला तो कटकट्या' असं तोंडून निघालं की रजा टाकायची, दोन दिवस का होईना, आणि झोपायचं. अकरा वर्षांत असं बरेचदा झालं.

मंडळात काय सांगायचं ते सासूबाईंवर सोडा. 'हॉस्पिटलात आहे' म्हणाल्या तर म्हणू द्या, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत तुम्ही खुलासे करत बसू नका. तसंही ते फार दिवस टिकत नाही. कुणाचा तरी मुलगा पिऊन गाडी चालवताना सापडतो आणि रात्री साडेअकराला फोन येतो, "अहो, तुम्ही तिथेच असता ना? जरा बघता का?" मला असे तीन आले, त्यातले दोन अशा घरांतून, जिथे माझ्या नोकरीचं नाव काढलं की विषय बदलायचे. बघायचं नाही आणि सांगायचं तर मुळीच नाही. वकील गाठा म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

मुलीला मात्र खरं सांगा, आणि बाहेरून कळायच्या आत. माझा मुलगा साधारण तेवढाच होता. त्याने विचारलं, "ती माणसं वाईट असतात का?" मी म्हटलं, "मी विचारत नाही, मी बीपी बघते." त्याला ते पटलं नाही, बरेच दिवस खोदून खोदून विचारत राहिला, आणि त्या निमित्ताने आमच्या ज्या गप्पा झाल्या त्या एरवी झाल्या नसत्या. एक मात्र पहिल्याच दिवशी तिला पक्कं सांगून ठेवा. तिच्या वर्गातल्या कुणाचा बाप एखाद्या रात्री तुमच्यासमोर येईल. ते नाव आईच्या तोंडून घरात कधीच निघणार नाही, आणि तिनेही कधी विचारायचं नाही.

बाकी बारीकसारीक. स्क्रबच्या आत पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला, आत बारा महिने थंडी असते. फोन गाडीतच राहू द्या. डबा आरपार दिसणारा प्लास्टिकचा न्या, पोळीचे रोल बरे पडतात. स्टीलचा चमचा गेटवर काढून घेतात आणि परत देतो म्हणतात. माझे दोन अजून तिथेच आहेत.